सोलापूरची तार

१९६१ सालची गोष्ट. मार्च महिना, मंगळवार, सकाळचे साडेसहा. सोलापुरातल्या प्रभा टॉकीजच्या गच्चीवर अनसूताई एका उलट्या बादलीवर बसली होती आणि मी तिच्या पायांत कॅनव्हासचे बूट चढवत होते. समोर, रस्त्यापलीकडे, नगरपालिकेची पाण्याची टाकी. गच्ची आणि टाकी यांच्यामध्ये एकशेदहा फूट तार ताणलेली, करंगळीएवढी जाड. तिच्याखाली, चांगलं पन्नास फूट खाली, आठवड्याचा बाजार मांडला जात होता. कुणी वांग्यांचे ढीग लावत होतं, कुणी बैलगाडीतून ज्वारीची पोती उतरवत होतं. वर कुणी पाहत नव्हतं.

"नाडी घट्ट ओढ," अनसूताई म्हणाली. "पण पायात रक्त राहील एवढं बघ."

"ताई, अजून वेळ गेलेली नाही. उतरू या का?"

"वच्छी, तुला भीती वाटत असेल तर खाली जाऊन वांगी घे. भरायची आहेत, लहान बघून घे."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. अनसूताई अडतीस. दि ग्रँड माणिक सर्कशीत ती तारेवर चालायची. म्हणजे चालत असे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. ती तासगावकडची. नवरा लवकर गेलेला, मुलगी सांगलीला बोर्डिंगात शिकायला. मला तिनेच तारेवर उभं केलं होतं.

आणि तिची तार बांधायचे ते दस्तगीरचाचा. मिरजेचे, पन्नाशीतले, उंच आणि कमी बोलणारे. तंबू उभारणाऱ्या माणसांना सर्कशीत खलाशी म्हणतात. चाचा खलाशांचे मुकादम होते, पण तारेला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. आमच्याकडे एक रीत होती, ती कुठे लिहिलेली नव्हती, पण कुणी मोडत नसे. ज्याने तार बांधली त्याने खेळ संपेपर्यंत तारेखाली उभं राहायचं. आणि जी चालणार तिने गाठ तपासायची नाही. अनसूताई मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, एक डोळा गाठीवर ठेवलास तर पायावर एकच उरेल.

दोन वर्षांपूर्वी बार्शीच्या मुक्कामात अनसूताई तारेवरून पडली. पंधरा फुटांवरून. खाली चाचा उभे होते म्हणून ती वाचली. त्यांनी तिला अंगावर घेतलं आणि त्यांचा खांदा निखळला. लोकांनी दोघांना उचलून बाहेर नेलं. मालक धावत आले, काय झालं म्हणून विचारू लागले, तेव्हा चाचा वेदनेने पांढरेफटक पडले होते, तरी ते म्हणाले, गाठ माझीच चुकली, तार ढिली पडली.

मालक म्हणजे भाऊसाहेब डुबल, कराडकडचे. माणूस वाईट नव्हता. पण सर्कशीत तार बांधणाऱ्याची गाठ चुकणं म्हणजे स्वयंपाक्याने आमटीत विष घालण्यासारखं. चाचांचं तार बांधणं त्या दिवसापासून बंद झालं. त्यांना हत्तींच्या चाऱ्यावर नेमलं. अनसूताईलाही मालकांनी पुन्हा तारेवर चढू दिलं नाही. तिला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. ती मालकांना सांगून थकली की गाठ चुकली नव्हती, पाय चुकला होता. मालक हसायचे. ज्याने बांधली तो स्वतः कबूल करतोय, आणि तू त्याची वकिली करतेस, म्हणायचे.

मग तारेवर मी आले आणि तार बांधायला एक नवा माणूस आला. खोटं कशाला सांगू, मी रोज गुपचूप गाठ तपासत असे. आणि रोज माझे पाय कापत.

सोलापूरच्या मुक्कामात मालकांनी चाचांना बोलावून सांगितलं की आता हत्ती कमी झालेत, बुधवारच्या गाडीने मिरजेला जा, भावाच्या सायकलच्या दुकानात बसा. चाचा हो म्हणाले. त्यांनी आपली वळकटीसुद्धा बांधली. ते ऐकून अनसूताई तिकिटाच्या खिडकीतून उठली ती थेट हत्तींच्या तंबूत गेली. मी तिच्या मागे होते.

"दस्तगीरभाई, जायच्या आधी मला एकदा तार बांधून द्या," ती म्हणाली.

चाचांनी चाऱ्याची पेंढी खाली ठेवली. मालक तंबूत हात लावू देणार नाहीत, म्हणाले.

"तंबूत मालकांचं राज्य आहे. तंबूबाहेर नगरपालिकेचं. नगरपालिकेला कोण विचारतंय?"

तिने सगळं हेरून ठेवलं होतं. टॉकीजची गच्ची, समोरची टाकी, मंगळवारचा बाजार. भर बाजारात, हजार माणसांच्या डोळ्यांदेखत ती दस्तगीरच्या तारेवर चालून दाखवणार होती. मग मालकांना त्या हातांवर परत विश्वास ठेवावाच लागेल. चाचा कितीदा तरी नको म्हणाले. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, मग त्या नव्या माणसाकडून बांधून घेते. चाचांनी हाताला चिकटलेला चारा झटकला. मग म्हणाले, "त्याला एवढ्या लांबीची बांधता येत न्हाई, बाई. कधी येऊ सांगा."

तर अशी ती मंगळवारची सकाळ. उजाडायच्या सुमारास आम्ही तिघांनी जुनी तार टॉकीजच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर चढवली. दोर टाकून ती टाकीपर्यंत ओढली. चाचांनी टाकीच्या सिमेंटच्या खांबाला दुसरं टोक बांधलं, ताण द्यायचा स्क्रू पान्याने फिरवला, तारेवर टिचकी मारली. तार वीणेसारखी वाजली. तंबूत तारेला दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात, म्हणजे ती डुलत नाही. इथे ते दोर खाली बाजारात कुणाच्या वांग्यांना बांधणार? तेवढं सोडलं तर तार अगदी काटेकोर होती. चाचांना दोन वर्षांनी मी हसताना पाहिलं. मग ते रीतीप्रमाणे खाली उतरून चौकात उभे राहिले.

सात वाजता चालायचं, सव्वासातला उतरायचं, पोलीस चहा पिऊन येईपर्यंत बाजारात मिसळून जायचं, असा बेत होता. सातला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली आणि टॉकीजचे मॅनेजर उपासे वर आले. बुटके, गळ्यात मफलर, हातात दंतमंजन.

"काय करायलाव इथं?" त्यांनी विचारलं.

अनसूताईने सांगितलं. उपासे तार बघून दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलावतो. ते कठड्यापाशी जाऊन खाली वाकले. खाली एका भाजीवालीचं लक्ष वर गेलं होतं. तिने शेजारणीला दाखवलं, शेजारणीने गाडीवानाला. उपासे बघत राहिले. दहा माणसं, वीस माणसं, माना वर. आणि सगळी त्यांच्या टॉकीजकडे बघत उभी. उपाशांच्या चेहऱ्यावर एकेक करून दिवे लागत गेलेले मी पाहिले.

मग सौदा झाला. उपाशांचं म्हणणं, आत्ता चालून काय उपयोग, खेड्यांतल्या गाड्या दहाला येतात, आमची मॅटिनीची खिडकी साडेदहाला उघडते. तुम्ही साडेदहाला चाला. नाहीतर पोलीस. अनसूताईने विचार केला. तोवर बातमी तंबूपर्यंत जाईल आणि मालकही येतील, हे तिच्या ध्यानात आलं. ती हो म्हणाली. उपाशांनी आम्हाला वर चहा पाठवला, सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. अनसूताईने भाकरी नाकारली, मी तिचीही खाल्ली.

सोलापूरचा मार्च. आठ वाजता ऊन भाजायला लागलं, नऊला गच्चीची फरशी चटके देऊ लागली. उपासे कर्णा घेऊन वर आले आणि त्यातून बाईचं धाडस आणि मॅटिनीचे दर असं आळीपाळीने सांगू लागले. चौक फुलला. पोरं लिंबाच्या झाडावर, माणसं गाड्यांवर. कुणीतरी ओरडलं, "काय बे, खरंच चालती का नुस्ती बसती?"

साडेदहाला अनसूताई उठली. तोल सांभाळायची छत्री उघडली, मिटली. तारेकडे गेली. आणि थांबली.

मीही पाहिलं. सकाळी सुतासारखी सरळ असलेली तार आता मधोमध खाली उतरली होती. तिला पोट आलं होतं. फार नाही, हात-दीड हात. पण तारेवर चालणाऱ्याला तेवढं म्हणजे डोंगराची उतरण आणि चढण.

लोखंड तापलं की वाढतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमची हयात तंबूच्या सावलीत गेलेली. चाचांनी तीस वर्षं संध्याकाळी, कापडाखाली तार बांधली; पहाटेच्या गारव्यात ताणलेली तार उन्हात काय करील याचा विचार करायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

"ताई, तार उतरलीय," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

"चाचांना खूण करते. टाकीवर चढून दोन आटे फिरवले की झालं."

"खाली बघ. पानाच्या ठेल्यापाशी."

ठेल्यापाशी, तारेच्या बरोबर खाली, मालक उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, मान वर. आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर चाचा. चाचांनाही तारेचं पोट दिसलं होतं; ती तार त्यांच्याच हाताची. त्यांचा हात कमरेच्या पान्याकडे गेला होता आणि ते टाकीच्या दिशेने वळत होते.

"मालकांच्या देखत त्यांनी आत्ता तो पाना लावला," अनसूताई म्हणाली, "तर मालक काय समजतील?"

मी पुन्हा ठेल्याकडे पाहिलं.

"मग तार ताठच आहे. तुला काय दिसतंय?"

"ताठ आहे."

"हां."

तिने मिटलेली छत्री लांब करून चाचांकडे रोखली आणि मग ती खाली, तारेच्या सरळ रेषेत, त्यांच्या पायांजवळच्या जागेकडे नेली. तुमची जागा ती. चाचा वळलेले होते ते परत फिरले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

अनसूताई तारेवर उतरली.

पहिली वीस पावलं ती उतारावर चालल्यासारखी गेली, भराभर, आणि चौकातून नुसता श्वासाचा आवाज आला. मग तार डुलायला लागली. आडवी. डावीकडे हातभर, उजवीकडे हातभर. तिची छत्री वर-खाली होऊ लागली, आणि मला कळलं की हे छत्रीचं काम नव्हे, हे पडण्याआधीचं काम आहे. बार्शीला मी असंच पाहिलं होतं.

आणि ती बसली. खाली सरकली, तार मांडीखाली घेतली आणि झोपाळ्यावर बसावं तशी बसली. एक पाय खाली सोडलेला. छत्री डोक्यावर. चौकाला वाटलं हा खेळच आहे. टाळ्या पडल्या.

नेमके तेव्हाच फौजदार कोनापुरे आले. कर्ण्याचा आवाज चौकीपर्यंत गेला असणार. दोन हवालदार बरोबर. त्यांनी आधी एकाला कर्णा बंद करायला पिटाळलं. उपासे मॅटिनीचे दर सांगता सांगता मध्येच गप्प झाले. मग फौजदारांनी वर पाहिलं.

"ओ बाई, खाली या की," ते म्हणाले.

"येते, साहेब. टाकीचा जिना त्या टोकाला आहे."

"मग मागं फिरा."

"मागं मॅनेजर आहेत."

चौक हसला. असं हसला की वांग्यांवाली बाई तराजू सोडून खाली बसली. फौजदारही हसले असते, पण टोपी घातलेली होती. परवानगी आहे का, त्यांनी विचारलं. अनसूताई म्हणाली, नाही. मग हे बेकायदेशीर आहे हे माहीत आहे का? तर म्हणाली, माहीत आहे, तुम्ही तिकडे टाकीखाली येऊन थांबा, मी येतेच. फौजदारांना दुसरा इलाज नव्हता. ते खरंच टाकीकडे चालू लागले.

हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा ती एका हाताने बुटांच्या नाड्या सोडत होती हे फक्त मला दिसत होतं. आता पुढे चढण होती, आणि बुटांचे तळ घासून गुळगुळीत झालेले. तिने एक बूट काढला आणि चाचांकडे टाकला. चाचांनी झेलला. दुसरा टाकला, तो वांग्यांत पडला.

मग ती अनवाणी उभी राहिली. तार अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरून. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. सर्कशीत तार ताठ असते, बूट असतात, छत्री असते. पण अनसूताईची आजी डोंबारी. गावोगावच्या बाजारात दोन बांबूंच्या कैच्यांवर सुंभाचा दोर बांधायची आणि त्यावर चालायची. त्या दोराला पोट असतंच. तो डुलतोच. आजीने लहानग्या अनसूला सांगितलं होतं म्हणे, दोर हलला की त्याच्याशी भांडू नये, त्याच्याबरोबर हलावं. सर्कशीत आल्यावर अनसूताईने ते सगळं टाकून दिलं होतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी पन्नास फुटांवर तिने ते परत उचललं.

तार डावीकडे गेली की ती डावीकडे जाऊ लागली. उजवीकडे गेली की उजवीकडे. गुडघे सैल, कंबर सैल. आणि चौकात कुणीतरी हलगी घेऊन आलेला होता, बाजारात देवीच्या नावाने मागणारा. त्याने ते डुलणं पाहिलं आणि त्याच्या हातांना राहवेना. त्याने त्या ठेक्यावर हलगी धरली. डुंग-डुंग-तक, डुंग-डुंग-तक. अनसूताईने ऐकलं. मी शपथेवर सांगते, ती तिथे, तारेच्या पोटात, हसली. आता ठेका तारेचा होता का हलगीचा का तिच्या पायांचा हे सांगता येत नव्हतं. एक पाऊल, एक डोलणं. एक पाऊल, एक डोलणं. आख्खा सोलापूरचा बाजार ठेक्यावर माना हलवत होता. कशाची भीती आणि कशाचं काय. मी गच्चीवर एकटी नाचत होते, आणि माझ्या शेजारी मॅनेजर उपासे मफलर फिरवत होते.

शेवटची दहा पावलं खरी चढण होती. हलगीवाल्याला कळलं असावं, त्याने ठेका हळू केला. अनसूताई ओणवी झाली, एका हाताने जवळजवळ तारेला शिवत, एकेक बोट रोवत वर गेली. टाकीच्या कठड्याला तिचा हात लागला तेव्हा जो आवाज झाला तो मी पुढे कधी कुठल्या तंबूत ऐकला नाही.

चाचा तारेखालीच उभे होते. एक बूट छातीशी धरलेला. रीत अशी की चालणारी उतरेपर्यंत हलायचं नाही. ते हलले नाहीत.

चौकीवर आम्हाला बाकावर बसवलं. अनसूताई, चाचा, मी आणि उपासे. फौजदार कोनापुरे कागद पुढे ओढून बसले आणि अडले. रहदारीला अडथळा असं लिहू गेले, तर हवालदार म्हणाला, रहदारी खाली होती, बाई वर. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणावं तर टाकीला ओरखडाही नव्हता. बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, विनापरवाना तार ओलांडणे. मग स्वतःच वाचून खोडलं.

तेवढ्यात मालक आले. ते फौजदारांना नमस्कार करायलाही विसरले. सरळ अनसूताईसमोर उभे राहिले.

"ते डुलत चालणं," ते म्हणाले, "कुठं शिकलीस? तंबूत कधी केलं नाहीस?"

मी अनसूताईकडे पाहिलं. मालक खालून बघत होते. तारेचं पोट खालून कळत नाही, त्याला बाजूने बघावं लागतं, नाहीतर ती आपल्या हाताने बांधलेली असावी लागते. ते सगळं डुलणं त्यांना खेळ वाटला होता.

"तंबूतल्या आताच्या तारेवर करता येत नाही, मालक," ती म्हणाली. "त्याला तार अगदी ताठ लागते. एक केस इकडे-तिकडे चालत नाही. दस्तगीरभाईंचीच लागते."

चाचांनी मान खाली घातली. मालक त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "दस्तगीर, उद्याची गाडी जाऊ दे. संध्याकाळी तार बांध."

चाचांनी नुसता हात कपाळाला लावला.

फौजदारांनी आम्हाला तंबी देऊन सोडलं. संध्याकाळच्या खेळाला कधी यावं, असं विचारून घेतलं, आणि आले ते तिकीट काढून, बायकोमुलांना घेऊन.

त्या संध्याकाळी खेळाच्या आधी तंबूत चाचा तार बांधत होते. अनसूताई खालच्या स्टुलावर पावलांना तेल चोळत होती. तारेने तिच्या बोटांत खोल रेघ पडली होती. मी पडद्याआड कपडे बदलत होते. मी तिथे आहे हे दोघांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून चालत होतं.

चाचा म्हणाले, "बाई, तार ढिली व्हती."

"माहीत आहे."

"जीव गेला असता तुमचा. माझ्या चुकीनं. ऊन माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"तुम्हाला थांबवलं ते मी."

"का?"

अनसूताईने तेलाची वाटी खाली ठेवली. "बार्शीला मला दोन दिवस ताप होता," ती म्हणाली. "चढायच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मला पाणी कुणी दिलं होतं?"

चाचा पाना पुसत राहिले.

"तुम्ही म्हणालात, आज चढू नका. मी ऐकलं नाही. मालकांना कळलं असतं की चक्कर येणारी बाई तारेवर चढते, तर मला कायमचं घरी पाठवलं असतं. पोरगी बोर्डिंगात. म्हणून तुम्ही निखळलेला खांदा धरून सांगितलंत, गाठ चुकली. दोन वर्षं हत्तींना चारा घातलात."

"तुम्हालाबी खिडकीत बसवलंच की त्यांनी," चाचा म्हणाले. "माझं खोटं वायाच गेलं."

"मी पुढे खरं सांगितलं, ते मालकांना खोटं वाटलं. मग म्हटलं, आता दुसरं खोटं सांगून बघू." ती हसायला लागली. "त्या दिवशी तार ताठ होती आणि तुम्ही ढिली म्हणालात. आज ढिली होती, मी ताठ म्हणाले. फिट्टंफाट."

चाचा आधी हसले नाहीत. त्यांनी तारेवर टिचकी मारली, तिचा आवाज ऐकला, आणि मग त्यांना हसू फुटलं. तो उंच, अबोल माणूस तंबूच्या खांबाला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिला. मी पडद्यातून बाहेर आले तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अनसूताईने फक्त ओठांवर बोट ठेवलं.

त्या रात्री मी चाचांच्या तारेवर पहिल्यांदा चालले. गाठ तपासली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. अनसूताई आणखी सहा वर्षं तारेवर होती. तिचं ते डुलत चालणं सगळ्या महाराष्ट्रात गाजलं, आणि त्यासाठी चाचांना रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने बाजूचे दोर सोडून तार दोन आटे ढिली करावी लागे. दर वेळी ते तोबा तोबा पुटपुटत. नंतर अनसूताई सांगलीला मुलीकडे राहायला गेली. मुलगी शाळेत शिक्षिका झाली होती. मॅनेजर उपाशांनी पुढे स्वतःचं टॉकीज काढलं आणि ते बुडवलं. फौजदार बढती मिळून धारवाडकडे गेले असं ऐकलं. हलगीवाल्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. मालकांनी त्याला शोधायला दुसऱ्या मंगळवारी माणूस पाठवला होता, पण तो सापडला नाही. मालक गेले त्याच वर्षी सर्कस विकली गेली. मी लग्न करून कोल्हापूरला आले, तीन मुलं झाली, आणि आता चौऱ्याऐंशी सालच्या त्या एका प्रसंगाशिवाय सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही उरलेलं नाही.

त्या वर्षी चाचा गेले. मिरजेत त्यांच्यासाठी जुन्या सर्कसवाल्यांनी सभा ठेवली. मी आणि अनसूताई पहिल्या रांगेत बसलो होतो. मालकांचा थोरला मुलगा बोलायला उभा राहिला. म्हणाला, माझे वडील नेहमी सांगायचे, बार्शीला काय झालं असेल ते असो, पण सोलापूरच्या भर उन्हात दस्तगीरने उघड्यावर बांधलेली तार अशी ताठ होती की तिच्यावर पाण्याचा भरलेला पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये.

अनसूताईने माझा हात घट्ट दाबला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघायची सोयच नव्हती. तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. मागच्या रांगेतल्या बाई हळहळल्या. कुणीतरी उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आलं.